अर्ध्या चालीवर

मामाने कार्बोरेटर जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून आणला होता. ओटीवर बसल्या बसल्या त्याने गाठ सोडली आणि तो बाबांच्या पुढ्यात ठेवला. बाबांनी त्याला हात लावला नाही. नुसते बघत राहिले.

"आबांच्या होडीच्या मशीनचा," मामा म्हणाला. आबा म्हणजे त्याचे नि आईचे वडील. "मशीन भंगारात दिलं तेव्हा एवढा काढून ठेवला होता. का ठेवला ते मला पण ठाऊक नाय. तुमच्या मशीनला बसंल का, ते तुम्ही बघा, भावोजी."

बाबांनी मग तो उचलला, उजेडाकडे धरला, आतली पाकळी बोटाने उघडझाप करून पाहिली.

"कंपनी एकच, पण हा पहिल्या बनावटीचा. याचं तोंड लहान हाय."

"म्हणजे नाय बसणार?"

"बसवला तर बसंल," बाबा म्हणाले.

आत माजघरात खाट करकरली. आई जागी होती आणि ऐकत होती. तिला पाठीच्या मणक्यात दुखायचं, कूस बदलायला अर्धी घटका लागायची. तिने आतूनच विचारलं, "मोरू, आलास काय रे?" मामा उठून आत गेला. बाबा मात्र कार्बोरेटर हातात धरून तिथेच बसून राहिले.

या गोष्टीला आता तीसेक वर्षं झाली. तेव्हा मी चिपळूणला एका पतपेढीत नोकरीला होते आणि रजा टाकून कुरणेवाडीला घरी आले होते. आईचं स्तनाचं दुखणं एकदा कापून काढलं होतं, पण ते हाडांत उतरलं. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी बाबांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, आता घरीच ठेवा, दुखणं थांबवायच्या गोळ्या देत राहा आणि अंगाला धक्का बसू देऊ नका. आईने कशाचाच हट्ट धरला नाही. एकच म्हणाली, मला उंबरशेतला जायचंय.

उंबरशेत म्हणजे तिचं माहेर. रस्त्याने जायचं तर डोंगराला वळसा, आणि पावसाने रस्त्याची नुसती चाळण केलेली. जीपमधून तिला नेणं म्हणजे वाटेतच मारणं. खाडीने मात्र सरळ. आमचं घर खाडीच्या मुखाशी, तिचं माहेर वर, जिथे खाडी अरुंद होते तिथे. मामाच्या घरामागच्या चिऱ्याच्या पायऱ्या थेट पाण्यात उतरायच्या. होडी भरतीवर सोडली की पाण्याबरोबर अलगद तिथे जाऊन लागणार.

पण बाबांच्या होडीचं मशीन उघडून ठेवलेलं होतं. पावसाळ्याआधी त्याने दगा दिला होता. बाबांनी स्वतः ते खोललं, सिलिंडर शहरात नेऊन बोअर करून आणला, नवा पिस्टन, नव्या रिंगा, नवे बेअरिंग घालून सगळं पुन्हा बांधलं. शेवटी कार्बोरेटर लावायला घेतला, तर खाऱ्या हवेने तो आतून पोखरलेला. स्क्रू आवळताना त्याचा कान तुटून हातात आला. त्या मशीनचा कार्बोरेटर बाजारात यायचा बंद झाला होता. मुंबईला सांगून ठेवलंय, एवढंच दुकानदार म्हणायचा.

शेजारच्या इब्राहिमचाचांनी आपली होडी देऊ केली. "भाभीला मी सोडून येतो," ते म्हणाले. "कापसासारखी नेईन." बाबा हो म्हणाले. आई नाही म्हणाली.

"जाईन तर ह्यांच्या होडीतनं जाईन," तिने सांगितलं. "नायतर राहू दे."

मला ते नुसतं आजारी माणसाचं खूळ वाटलं. बाबांनी मात्र तिच्याकडे एकदा पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी उंबरशेतला निरोप धाडला. म्हणून मामा आला होता.

ते दोघं पडवीत कामाला बसले. मशीन लाकडी घोडीवर उभं केलेलं. बाबांनी कार्बोरेटर पेट्रोलमध्ये बुडवून ठेवला, दात घासायच्या जुन्या ब्रशने घासला, एकेक भोक तोंडाने फुंकून मोकळं केलं. आतला फ्लोट बुचाचा निघाला. एवढ्या वर्षांत बूच पेट्रोल पिऊन जड झालं होतं.

"हा तरंगायचा नाय," बाबा म्हणाले. "हा बुडला की पेट्रोल नुसतं वाहत राहणार."

त्यांनी तो फ्लोट उन्हात ठेवला. मग सुताराकडून चपडा, म्हणजे लाकडाच्या पॉलिशची लाख, मागवून घेतला, स्पिरिटमध्ये विरघळवला आणि बुचाला एकावर एक हात दिले. प्रत्येक हात वाळेपर्यंत ते उठून माजघरात जायचे, आईच्या पायाशी बसायचे, तिचे तळवे चोळायचे. बोलायचे काही नाहीत. बाबांचा स्वभावच तसा. आमच्या घरात बोलायचं काम आईचं आणि ऐकायचं काम बाबांचं. पण त्या दुखण्यात तिचंही बोलणं आटलं होतं, त्यामुळे घर अगदी मुकं झालं होतं.

दुसरी अडचण भोकांची. बाबांच्या मशीनचे बोल्ट लांब लांब, जुन्या कार्बोरेटरची भोकं जवळ जवळ. बाबांनी ॲल्युमिनियमची जाड पट्टी घेतली, तिला चार भोकं पाडली, दोन मशीनसाठी, दोन कार्बोरेटरसाठी. मधलं मोठं भोक कानशीने घासत बसले. मशीनच्या बाजूला रुंद, कार्बोरेटरच्या बाजूला अरुंद, मध्ये नरसाळ्यासारखा उतार. मी चहा घेऊन गेले की ते पट्टी माझ्या हातात देत.

"बोट फिरवून बघ, कुंदे. कुठं टोचतं?"

मी बोट फिरवायची. "इथं थोडं."

"मग तिथं हवा अडकणार," म्हणत ते पुन्हा घासायला लागायचे.

मला घाई झाली होती. आईच्या गोळ्यांचा गुण दिवसेंदिवस कमी होत होता. मी म्हटलं, "बाबा, एवढं कोरीव काम कशाला? चाललं म्हणजे झालं."

"मधेच बंद पडलं तर?" ते म्हणाले. "तिला घेऊन मी खाडीत वल्हवत बसू?"

मी चहाचे कप उचलले आणि आत गेले.

पट्टी बसली, गॅस्केट कापून लावलं, पेट्रोलची नळी जोडली. मशीन पाण्याच्या पिंपात उभं करून बाबांनी दोरी ओढली. एकदा, दोनदा. मग ते खोकलं, धुराचा लोट आला आणि चालू झालं. माजघरातून आईने टाळी वाजवल्याचा आवाज आला. मी धावत गेले तर खरंच तिने दोन्ही हात छातीवर जोडून धरले होते.

बाबा मशीनचा आवाज ऐकत उभे होते. हळू चाललं की एकसारखं, गोड वाजायचं. मूठ पिळून वेग वाढवला की अर्ध्यापर्यंत ठीक, त्यापुढे धाप लागल्यासारखं करायचं.

"पुरं पडत नाय त्याला," मामा म्हणाला. "तोंड लहान, नि पेट्रोल सोडणारा आतला जेट पण लहान. पोट मोठं नि घास चिमणीचा. जेटचं भोक बारीक सुईने थोडं वाढवू, भावोजी. बघा कसं धावतं ते."

"नको," बाबा म्हणाले.

"अहो, लागतो किती वेळ? मी करतो की."

"नको, मोरू. नवा पिस्टन हाय, त्याला पळवायचा नाय. एवढीच चाल बरी."

आणि त्यांनी मुठीच्या तारेला अशी एक गाठ घातली, की ती अर्ध्याच्या वर उघडूच नये.

मी हे सगळं ऐकत होते. मला राग आला. "बाबा, अशाने वर पोचायलाच दुपार होईल. परतीची ओहोटी कशी मिळायची? तिला तिथे रात्र काढायला लागली तर गोळ्या, इंजेक्शन—"

"परतीचं परतीला बघू," ते म्हणाले. हात पुसले आणि आत गेले.

मामा माझ्याकडे बघेना. त्याने हत्यारं गोळा करायला घेतली.

निघालो त्या दिवशी आभाळ स्वच्छ होतं. पाऊस सरून गेला होता, खाडीचं पाणी निवळायला लागलं होतं. इब्राहिमचाचा आणि मामा यांनी आईला गादीसकट उचलून होडीत ठेवलं. मी म्हटलं तिला मधे ठेवा, तिथे हादरे कमी बसतात. आई म्हणाली, "मला मागे ठेवा, ह्यांच्याजवळ."

"मशीनजवळ? आवाजाने डोकं उठेल तुझं."

"उठू दे."

बाबांनी गादी मागे ओढून घेतली. तिची पाठ त्यांच्या गुडघ्याला टेकेल अशी तिला बसवली. मामा आदल्या दिवशीच पुढे जाणाऱ्या मालाच्या होडीतून जाणार होता, पण आईला उचलायला थांबला होता. तो आमच्याबरोबर न येता रस्त्याने निघाला. "मी तयारी करून ठेवतो," म्हणाला. मला बाबांनी पुढे, नाळेवर बसवलं. पावसाने वाळूच्या पट्ट्या सरकल्या होत्या, कुठे पाणी उथळ आहे ते मी हात करून दाखवायचं होतं.

मी जन्मभर खाडीतून आले गेले आहे, पण इतक्या संथपणे कधीच गेले नाही. मशीन न कुरकुरता एका लयीत वाजत होतं. कांदळवनाच्या कडेने बगळे उठायचे नाहीत, मान वळवून बघायचे आणि पुन्हा चिखलात चोच घालायचे. मधूनमधून मी मागे वळून पाहत होते, आई ठीक आहे ना म्हणून.

आई बोलत होती.

किती तरी दिवसांत मी तिला असं बोलताना पाहिलं नव्हतं. मशीनच्या आवाजात तिचा शब्दसुद्धा मला ऐकू येत नव्हता, नुसते ओठ हलताना दिसायचे. बाबा खाली वाकून तिच्या तोंडाशी कान न्यायचे, ऐकायचे आणि नकारार्थी मान हलवायचे. ती थांबायची, पाण्याकडे बघून विचार करायची, पुन्हा काही तरी सांगायची. ते पुन्हा मान हलवायचे. मला वाटलं, तिथे रात्र काढायचंच काही तरी चाललंय, ती राहायचं म्हणतेय आणि बाबा ऐकत नाहीयेत. पण एकदा वळून पाहिलं तर आई हसत होती. दुखतंय म्हणून हात पाठीला लावून हसत होती. बाबाही हसत होते.

मी पुन्हा पुढे वाळूच्या पट्ट्यांकडे बघायला लागले.

उंबरशेतच्या पायऱ्या दिसल्या तेव्हा भरती जवळजवळ पुरी झाली होती. मामा गुडघाभर पाण्यात उतरून उभा होता. बाबांनी मशीन बंद केलं. ते आधी उतरले आणि आईला दोन्ही हातांवर घेतलं. तिचं वजन काही उरलंच नव्हतं. मी पिशव्या घेऊन मागे निघाले. पण बाबा घराकडे वळले नाहीत. पायऱ्या चढून ते डावीकडे, कुंपणाच्या कडेने, उंडीच्या मोठ्या झाडाकडे चालायला लागले.

"बाबा, घर इकडे," मी म्हटलं.

मामाने माझा हात धरला. "तू थांब इथं. त्यांना जाऊ दे."

"तिकडे काय आहे?"

मामाने खांद्यावरच्या टॉवेलने तोंड पुसलं.

"ताईचं पहिलं बाळंतपण इथं झालं," तो म्हणाला. "तुझ्या आधीचं. मुलगा होता. बारसं व्हायच्या आधीच गेला. तिथं झाडाखाली ठेवलाय."

मी पायरीवर बसले. पिशव्या हातातच होत्या. एवढ्या वर्षांत घरात कुणी, कधी, चुकूनसुद्धा हे बोललं नव्हतं. मला भाऊ होता, माझ्याहून थोरला, आणि मी लहानपणी सुट्टीत त्याच उंडीच्या फळांच्या गोट्या करून खेळत होते.

झाडाखाली बाबांनी आईला जमिनीवर बसवलं होतं आणि तिच्यामागे स्वतः बसून तिला छातीशी टेकवून धरलं होतं. तिने तळहात मातीवर ठेवला होता. कुणी रडत नव्हतं. बराच वेळ ती दोघं तशीच बसली होती आणि मामा नि मी पाण्याकडे तोंड करून उभे होतो.

संध्याकाळी मागच्या खोलीत तिची खाट टाकली. खिडकीतून उंडी दिसायची. मी तिला पेज भरवायला बसले तेव्हा ती म्हणाली, "कुंदे, मी आता इथनं यायची नाय."

मला ते पायऱ्यांवरच कळलं होतं, तरी मी म्हटलं, "असं कसं? तुझी औषधं, आपलं घर—"

"घरात तुम्ही दोघं आहात. हा एकटा होता. सव्वा महिना झाला, उठले नि सासरी गेले. मागे वळून सुद्धा बघितलं नाय, बघितलं असतं तर गेले नसते. मग तू झालीस. तुझं बाळंतपण मी इथं करूच दिलं नाय."

"बाबांना ठाऊक आहे? तू परत येणार नाहीस ते?"

"त्यांना आधी विचारलं. होडीचं म्हटलं तेव्हाच विचारलं." तिने पेजेचा चमचा हाताने बाजूला केला. "ते हो म्हणाले. एवढंच बघते मी, की ते हो म्हणाले."

मी उठून बाहेर आले. बाबा परसात एका लाकडाच्या ओंडक्यावर बसून होते. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले.

दिवाळीच्या आधी एका दुपारी आई गेली. जेवणं व्हायची होती. बाबा तिच्याजवळ बसले होते, मी चुलीपाशी होते, बाबांनी हाक मारली नाही, नुसते दारात येऊन उभे राहिले. खाडीकाठच्या मसणवटीत तिला अग्नी दिला. बाबांनी सगळं केलं, जे जे करायचं ते सगळं. अस्थी तिथेच खाडीत सोडल्या. तेरावं झाल्यावर मामा म्हणाला, भावोजी, आणखी थोडे दिवस राहा. बाबा म्हणाले, घर बंद हाय, कोंबड्या इब्राहिमकडे हायत, जायला हवं.

सकाळच्या ओहोटीवर आम्ही दोघं निघालो. या वेळी मी मागेच, आईच्या जागी बसले. कांदळवनाचा मोठा वळसा संपला आणि खाडी रुंद झाली तिथे त्यांनी अचानक मशीन बंद केलं. मला वाटलं, बिघडलं.

"काय झालं?"

"काय नाय. जरा बसू."

होडी पाण्याबरोबर आपोआप सरकत होती. बाबा मुठीवर हात ठेवून समोर बघत होते.

"मोरू म्हणत होता ते खरं होतं," ते म्हणाले. "जेट मोठा केला असता तर लवकर पोचलो असतो. मला पोचायचंच नव्हतं."

"कळलं मला ते," मी म्हटलं. "नंतर कळलं."

"आमचं त्या दिवशी काय बोलणं चाललं होतं, ते सांगायचंय तुला. तिनं सांगितलं होतं, कुंदाला सांगा म्हणून. बारसं नाय झालं, त्यामुळे त्याला नाव नव्हतं. होडीत बसल्या बसल्या ती म्हणाली, आता जवळ जाऊन निजायचं तर हाक मारायला नाव पाहिजे. आपण ठेवूया."

मी त्यांच्या आणखी जवळ सरकले.

"पहिल्यांदा दत्ताराम म्हणाली. म्हटलं, दत्ताराम वाडीत पुष्कळ हायत. मग विलास म्हणाली. म्हटलं, ते मुंबैकरासारखं वाटतं. मग आबांचं नाव घेतलं. म्हटलं, एवढ्याशा पोराला एवढं जड नाव नको." त्यांच्या तोंडावर हसू आलं आणि गेलं. "नावं सगळी चांगलीच होती, कुंदे. मला सगळीच आवडत होती. पण एकाला हो म्हटलं असतं तर बोलणं तिथंच संपलं असतं. म्हणून मी नको नको म्हणत गेलो. तिला कळत होतं. ती पण एकामागनं एक काढत गेली."

"मग? शेवटी?"

"पायऱ्या दिसायला लागल्या. ती म्हणाली, आता नाय म्हणू नका. थोरला मुकुंद, धाकटी कुंदा. तेव्हा हो म्हटलं."

मुकुंद. मी ते मनात म्हटलं, मग मोठ्याने म्हटलं, ओळखीचं माणूस असावं तसं. काठावरून कुणी तरी मासे पागायला जाळं फेकलं, त्याचा पाण्यावर पसरल्याचा आवाज आला.

"दिसायला कसा होता?" मी विचारलं. "तुमच्यासारखा, की आईसारखा?"

बाबांनी मुठीवरचा हात काढला. मांडीवर ठेवला.

"मी इकडे मासेमारीला होतो. निरोप मिळाला नि निघालो, पोचेपर्यंत माती सारखी करून झाली होती. मी त्याला बघितलाच नाय. तिच्याकडे बघून मला कधी विचारवलं नाय, नि घरात तो विषय कधी निघाला नाय." ते खाली, होडीच्या फळ्यांकडे बघत होते. "त्या दिवशी विचारायचं ठरवलं होतं. एवढा वेळ काढला. नावातच वाट सरली, कुंदे. वर खाटेवर ती त्या झाडाकडे बघत पडायची, तिथं विचारायचा धीर झाला नाय. विचारायचं राहून गेलं."